आलोच, नाक्यावर आहे!

सातारा-सांगली पट्ट्यात माणूस कुठे आहे, हे तो खरोखर कुठे आहे यावर ठरत नाही. समोरचा किती वेळ ताटकळलाय, यावर ठरतं. दहा मिनिटं झाली असतील तर आपण 'निघालोय'. अर्धा तास झाला असेल तर 'पोवई नाक्यावर आहे'. तास उलटला असेल तर 'मान वळव, दिसतोय बघ'. ही तिन्ही वाक्यं बोलताना बोलणारा गोडोलीतल्या आपल्या घरी बनियनवर बसून चहात खारी बुडवत असतो. यात फसवणूक कुणाचीच नाही. ज्याला हे सांगितलं तोही ठरलेल्या जागी, राजवाड्यावर, उभा नसतो. आपण नाक्यावर आल्याचं ऐकून तो आंघोळीला जातो. दोघंही एकाच वेळी पोहोचतात आणि 'लय वेळ थांबलोय' म्हणून एकमेकांवर करवादतात. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग ऑक्टोबर २०१७ मध्ये व्हॉट्सॲपनं लाइव्ह लोकेशन आणलं. पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास, यातलं काय हवं ते निवडा आणि तेवढा वेळ दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे ठिपका होऊन सरकत राहा. आमचे दाजी नोकरीनिमित्त सांगलीत आणि ताई साताऱ्यात. शनिवारी संध्याकाळी दाजी घरी यायला निघतात, निदान तसं सांगतात.

"अहो, कुठपर्यंत आलात?"

"ही काय, पेठ नाका मागं टाकला. कराड आलंच."

"ठिपका तर सांगलीत दिसतोय. गणपती पेठेत."

"ठिपका मागनं येतोय. मी फुडं आलोय."

ताई दोन क्षण गप्प. मग म्हणाली, "बरं. ठिपक्याला सांगा, येताना अर्धा किलो भडंग आण म्हणावं."

दाजींच्या त्या उत्तरावर घरात वर्षभर हशा पिकला. पण शास्त्राच्या बाजूनं पाहिलं तर ठिपका मागून येऊ शकतो, आणि तो का येतो हे समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे पक्की समजूत अशी की वर उपग्रह बसलाय आणि तो आपल्याला बघतोय. आमची आजी तर अंगणात डोक्यावर पदर घेऊन जायची. प्रत्यक्षात जीपीएसच्या उपग्रहाला आपण कोण, कुठले, काही ठाऊक नसतं. वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवरून तो फक्त दोन गोष्टी सांगत फिरतो : मी आत्ता इथे आहे, आणि माझ्या घड्याळात इतके वाजलेत. एसटी स्टँडवरची बाई 'सांगलीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक अमुक' असं सांगते, ती स्टँडवर कुणी आहे की नुसतं कुत्रं झोपलंय याची चौकशी करत नाही, तसंच हे. ऐकणं आणि हिशेब करणं, दोन्ही कामं आपल्या खिशातल्या फोनची.

तो हिशेब असा. उपग्रहाचा आवाज खाली यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला ते कळलं की अंतर कळतं. तीन उपग्रहांची अंतरं मिळाली की जागा सापडायला हवी. पण फोनमधलं घड्याळ स्वस्तातलं असतं, म्हणून त्याची चूक काढायला चौथा उपग्रह लागतो. आणि चूक काढावीच लागते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागानं घड्याळ चुकलं तर जागा तीनशे मीटरनं चुकते. ज्या मुलखात पाऊण तासाचा उशीर 'वेळेवर आला' या सदरात मोडतो, त्या मुलखातल्या माणसांच्या खिशात हा असला काटेकोरपणा बसलाय, याची मला गंमत वाटते. पुढे ऐका. उपग्रहावरचं अणुघड्याळ आपल्या जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतं. तसं का, ते आइन्स्टाइन सांगून गेलाय. ही दुरुस्ती केली नाही तर जागेची चूक दिवसाला दहा-एक किलोमीटरनं वाढत जाईल. म्हणजे राजवाड्यावर उभा राहिलेला सातारकर अडीच दिवसांत कास पठारावर दिसेल, तेही ऐन हंगामात आणि बुकिंग न करता.

यंत्रणा अमेरिकेच्या लष्कराची. मे २००० पर्यंत ते लोक आपल्यासारख्या सामान्यांसाठी मुद्दाम धूसर जागा सांगत, शंभर-एक मीटर इकडेतिकडे. नंतर ती खोडी त्यांनी बंद केली. आपणही स्वतःची 'नाविक' उभी केली. तिचा पहिला उपग्रह २०१३ मध्ये गेला आणि मे २०२३ मध्ये गेलेल्या उपग्रहात भारतात बनवलेलं अणुघड्याळ आहे. म्हणजे आता दाजींना पकडायला एक देशी साक्षीदारही आला.

एवढं सगळं करूनही उपग्रहाला आकाश लागतं. खंबाटकीच्या बोगद्यात शिरलात की ठिपका बाहेरच थांबतो, मग पलीकडे निघाल्यावर एकदम उडी मारतो. पोवई नाक्यावर तर २०२१ पासून रस्त्याखाली रस्ता आहे. आपण वरून चाललोय की खालून, याचा नकाशाला काही केल्या पत्ता लागत नाही. मॅपवाली बाई आपल्याला 'उजवीकडे वळा' सांगते तेव्हा उजवीकडे काँक्रीटची भिंत असते. जुन्या पेठांतल्या बोळांत उपग्रहाचा आवाज भिंतींवर आपटून उशिरा येतो, फोनला वाटतं आपण लांब आहोत, आणि ठिपका शेजारच्या बोळात जाऊन उभा राहतो. शुक्रवार पेठेतल्या माणसाला शनिवार पेठेत नेऊन ठेवलेलं मी पाहिलंय. तिथला रहिवासी हे सहसा माफ करत नाही.

आकाश दिसत नसेल तर फोन टॉवरला विचारतो. शहरात टॉवर दाट, म्हणून उत्तर बऱ्यापैकी येतं. डोंगरात एका टॉवरखाली पाच-सहा वाड्या, म्हणून उत्तर येतं ते 'आहे इथंच कुठंतरी' असं. पोलिसांनी 'लोकेशन काढलं' म्हणतात ते बहुधा हेच. सीमेवरच्या गावात फोन तर सरळ पलीकडचा टॉवर धरतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये जतमधल्या गावांवरून महाराष्ट्र आणि कर्नाटकचे पुढारी एकमेकांवर तुटून पडले होते. सीमेवरच्या फोनला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला ज्याची दांडी उंच तो त्याचा मालक.

तिसरा उपाय वायफायचा, आणि त्याची गंमत वेगळीच. कुठला राउटर कुठे बसलाय याची मोठी वही कंपन्यांनी करून ठेवलेली असते. फोन आसपासचे राउटर हुंगतो आणि वहीत बघून जागा सांगतो. आता माझ्या ओळखीतल्या एका बँकेतल्या साहेबांची विश्रामबागेतून साताऱ्याच्या शाहूनगरात बदली झाली. सामानाबरोबर राउटरही आला. वहीला कुणी कळवलं नाही. पुढे बरेच दिवस वहिनींनी घरात बसून जवळचं किराणा दुकान शोधलं की सांगलीतलं शंभर फुटी रोडवरचं निघायचं. साहेब म्हणाले, राउटरलाच जॉइनिंग रिपोर्ट द्यायचा राहिला.

'जवळचं' शोधून देणारी ही सेवा लोकप्रिय आहे, आणि तिला जवळ म्हणजे काय ते कळत नाही. ती बहुतेक वेळा सरळ रेघेत मोजते. शिवसागर जलाशयाच्या काठी बामणोलीत उभं राहून काही शोधलंत तर ती पाण्यापलीकडचं दाखवून मोकळी होते. रेघेनं ते हाकेच्या अंतरावर असतं. रस्त्यानं जायचं तर डोंगर उतरून, वळसा घालून दिवस मोडतो. नाहीतर लाँच कधी सुटते ते बघत काठावर बसायचं. लाँचवाल्याला विचारलं तर तो आधी विचारतो, "मुक्कामाला जाताय का माघारी यायचंय?" हा प्रश्न फोन कधीच विचारत नाही.

नावांचा घोळ तर विचारू नका. साताऱ्याकडे खटाव तालुक्यातलं औंध, जिथं भवानी संग्रहालय आहे, आणि पुण्यातलं औंध, जिथं पार्किंग नाही, या दोहोंत नकाशा गल्लत करतो आणि पुण्याचा पाहुणा स्वतःच्याच घरापासून चार किलोमीटरवर जाऊन 'पोहोचलो' म्हणतो. आमच्याकडे कवठे किती आहेत? कवठे महांकाळ, तासगावातलं कवठे एकंद, मिरजेतलं कवठे पिरान, आणि वाईकडचं नुसतं कवठे, किसन वीरांचं. भाचीच्या लग्नाच्या पत्रिकेत क्यूआर छापला होता, तरी मामांनी तो न वापरता फोनमध्ये 'कवठे' असं टाइप केलं आणि पहिलं आलं ते दाबलं. लग्न कवठे एकंदला, मामा कवठे पिरानला. तिथंही त्याच मुहूर्तावर एक लग्न होतंच. मांडवात शिरले, फेटा बांधून घेतला, पहिल्या पंगतीला बसले, मठ्ठा दोनदा मागून घेतला. आहेर द्यायला स्टेजवर गेल्यावर नवरी वेगळी दिसली.

"मग काय केलंत, मामा?"

"काय करायचं? पाकीट दिलं. जेवल्यावर तसंच यायचं व्हय?"

पाकिटावर नाव आमच्या भाचीचं. त्या घरात ते पाकीट अजून चर्चेत असेल.

पत्त्याचा हा घोळ मिटवायचा पहिला मोठा प्रयत्न टपाल खात्यानं १५ ऑगस्ट १९७२ रोजी केला. पिनकोडची कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकरांची, म्हणजे मराठी माणसाची, आणि तेही संस्कृतात कविता करणाऱ्या. सांगलीच्या वाट्याला ४१६४१६ आला. एकदा सांगितला की दोनदा सांगितल्यासारखा. मे २०२५ मध्ये टपाल खात्यानं डिजिपिन आणला : देशाचे साधारण चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडले आणि प्रत्येकाला दहा अक्षरांचा पत्ता दिला. कल्पना उत्तम आहे, मला मनापासून आवडली. फक्त चार बाय चारमध्ये आमच्याकडे पडवीसुद्धा मावत नाही. स्वयंपाकघराचा पत्ता एक, देवघराचा दुसरा आणि गोठ्याचा तिसरा. म्हशीला स्वतंत्र पत्ता मिळाला म्हटल्यावर आमचे आबा म्हणाले, "मग तिचं लाइट बिल बी तिकडंच लावून द्या."

कुंपणाची सेवाही आता आली आहे. नकाशावर एक अदृश्य वर्तुळ काढायचं. माणूस आत आला की फोन चुगली करतो, बाहेर गेला की पुन्हा करतो. कचेऱ्यांतली हजेरी काही ठिकाणी अशी लागते. असल्या एका कचेरीतल्या लोकांनी पहिल्याच दिवशी फोन हातात धरून आवारभर फेऱ्या मारल्या. कामाचा उत्साह म्हणून साहेब कौतुकानं बघत होते. चहाची टपरी वर्तुळात येते एवढं खात्रीनं कळल्यावर सगळे शांत झाले.

पण या सगळ्या प्रकारांत आमच्या भागात खरा धुमाकूळ घातला तो ई-पीक पाहणीनं. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली. पूर्वी सातबाऱ्यावर पीक लावायचं काम तलाठ्याचं, आणि तलाठी चावडीत बसून गेल्या वर्षी काय होतं ते बघून यंदाचं लिहीत असे, असं म्हणतात. तुमच्या रानात केळी असली तरी सातबारा म्हणायचा ज्वारी. आता शेतकऱ्यानं स्वतः रानात जायचं, ॲप उघडायचं, गट नंबर निवडायचा, पीक लिहायचं, फोटो काढायचा. फोटोबरोबर अक्षांश-रेखांश आपोआप चिकटतात. घरी बसून फोटो काढला तर ॲपला कळतं. रानातच या, असा त्याचा हट्ट. हट्ट रास्त आहे. अतिवृष्टी झाली, पीक विमा आला, कर्ज काढायचं झालं, की सातबाऱ्यावर खरं पीक असावं लागतं. ज्यानं ही अट घातली त्याला रान माहीत आहे, असं माझं मत आहे.

अडचण फोनची. आबा पांढरा सदरा घालून, टोपी सरळ करून उसासमोर उभे राहिले. फोटो काढणाऱ्या नातवानं सांगितलं, "आबा, बाजूला व्हा, पीक दिसू द्या."

"मालक नको व्हय फोटोत?"

मालक बाजूला झाला. मग रेंज गेली. रेंज बांधाच्या कोपऱ्यावर, बाभळीखाली येते हे सगळ्या शिवाराला ठाऊक, म्हणून नातू तिकडे गेला. तिथं ठिपका शेजारच्या गटात जाऊन पडला. शेजारचा गट चुलत भावाचा. आणि त्या बांधावरून दोन्ही घरांचं बोलणं आबांच्या वडिलांपासून बंद आहे.

आता इथं एक साधं गणित आहे. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनची चूक चार-पाच मीटर. बांधाचं भांडण वीतभर. पण वीतभर बांधासाठी तीन पिढ्या कोर्टात घालवलेल्या माणसाला 'चार-पाच मीटर इकडेतिकडे चालतं' हे समजावून दाखवा. पलीकडून चुलत भाऊ म्हणाला, "बगा, आता वरचा उपग्रह बी सांगतोय रान कुणाचं ते." आबा आभाळाकडे बघत बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "ते वरचं यंत्र फितूर हाय."

वीतभराचा निवाडा करणारं यंत्रही आहे. भूमी अभिलेखवाले मोजणीला काठीवर बसवलेला रोव्हर आणतात तो. भारतीय सर्वेक्षण विभागानं महाराष्ट्रात ७७ ठिकाणी कायमची केंद्रं बसवली आहेत. केंद्राची जागा पक्की ठाऊक असल्यामुळे उपग्रह आत्ता किती चुकतोय ते त्याला कळतं, आणि तेवढी दुरुस्ती ते रोव्हरला कळवत राहतं. मग चूक मीटरवरून सेंटिमीटरवर येते. हे मी आबांना सांगितलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या केंद्रावर माणूस कोण हाय? आपल्यातला हाय का त्यांच्यातला?"

सूचना देणाऱ्या सेवा मात्र मी चेष्टेवारी नेणार नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप तुमच्या जागेच्या आसपास वीज पडण्याची शक्यता सांगतं, आणि वळवाच्या दिवसांत तासगावकडे शेडवर बेदाणा टाकून बसलेल्या माणसाला त्याचं मोल काय आहे ते विचारा. २०२३ मध्ये सरकारनं आणीबाणीच्या संदेशाच्या चाचण्या घेतल्या. असा संदेश सुटला की टॉवरच्या हद्दीतले सगळे फोन एकदम किंचाळतात. त्यासाठी ना नंबर लागतो ना जीपीएस. आमच्या एसटीत सगळ्यांचे फोन एका क्षणी बोंबलले तेव्हा कंडक्टरनं आधी घंटी ओढली, मग विचारलं, "कुणाचा हाय रं?"

सांगलीत ही सेवा फोनच्या कितीतरी आधीपासून आहे. तिचं नाव आयर्विन पूल. १९२९ चा. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना 'कसे आहात' विचारत नाहीत; 'आयर्विनला किती?' विचारतात. इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. हा एकच आकडा साऱ्या गावाला पुरतो. कारण कितव्या फुटाला पाणी सूर्यवंशी प्लॉटात शिरतं, कितव्याला दत्तनगरात, कितव्याला मारुती चौकात आणि कितव्याला आपल्या जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर, हे ज्याचं त्याला पाठ असतं. कोयनेचे सहा दरवाजे किती फूट उचलले ते ऐकून इथला माणूस गादी माळ्यावर कधी टाकायची ते ठरवतो. त्याला ठिपका लागत नाही.

फक्त ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं आणि पाठ केलेल्या पायऱ्याच संपल्या. ज्यांच्या दारात कधी पाणी आलं नव्हतं ते गच्चीवर जाऊन बसले. अशा वेळी बोट घेऊन येणारे जवान बाहेरगावचे असतात. 'हितंच, पाटलांच्या घरामागं' हा पत्ता त्यांना उपयोगाचा नाही. पाटलांचं घर पाण्यात असतं आणि पाटील मिरजेला पाहुण्यांकडे. उलट गावातल्या पोहणाऱ्या पोरांना पाटलांचं घर डोळे मिटून सापडतं, पण अक्षांश-रेखांश सांगितले तर ती तुमच्याच तोंडाकडे बघतील.

तेव्हा मंडळी, एक विनंती. पावसाळा लागायच्या आधी, घरात नेट चांगलं असताना, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना लोकेशन पाठवायला शिकवून ठेवा आणि पाठवल्यावर खाली एक ओळ लिहायची सवय लावा : कुणाचं घर, कितवा मजला, वर किती माणसं, जनावर सोडलंय की बांधलेलं. फोन चार्ज ठेवा. आणि त्या दिवसापुरतं तरी, कुणी विचारलं तर खरं कुठे आहात तेच सांगा.